पाचशे सदुसष्ट रुपये

भारतीय करार कायद्याच्या कलम ५९ खाली दोन उदाहरणे दिली आहेत. त्यांतले दुसरे असे: ‘अ’ हा ‘ब’चे बरेच काही देणे लागतो, त्यात ५६७ रुपयांचे एक देणे आहे. ‘ब’ पत्र लिहून हे ५६७ रुपये मागतो. ‘अ’ ५६७ रुपये पाठवतो. कायदा सांगतो की, जे देणे मागितले होते त्याच देण्याला ही रक्कम जमा धरली पाहिजे.

१८७२ सालच्या या कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी पाचशे का घेतले नाहीत, सहाशे का घेतले नाहीत? आकडा मुद्दाम वेडावाकडा घेतला आहे. ‘अ’ने सोबत चिठ्ठी पाठवलेली नाही, निरोप सांगितलेला नाही. तरी ५६७ ही रक्कम स्वतःच बोलते. नुसते पाचशे पाठवले असते तर ती मुकी राहिली असती, आणि मग ‘ब’ने आपली वही उघडून ती आपल्याला सोयीच्या पानावर लिहिली असती. तसे करण्याची मुभा पुढच्याच कलमात आहे.

प्रश्न तसा साधा. एकाच धनकोची तीन-चार वेगवेगळी कर्जे अंगावर आहेत. एक जुने, बिनतारणाचे. एक जमीन गहाण टाकून घेतलेले, जबर व्याजाचे. एक दुकानातल्या उधारीचे. सुगीनंतर हातात थोडे पैसे आले, ते नेऊन दिले. हा भरणा कोणत्या खात्याला वळता करायचा? पैसे तेवढेच, पण ते कुठे जमा झाले यावर जमीन सुटणार की अडकून राहणार, जामीन मोकळा होणार की नाही, पुढच्या वर्षी व्याज किती चढणार, हे सगळे अवलंबून असते. कायद्याच्या क्रमिक पुस्तकांत या विषयाला दोन-तीन पाने मिळतात आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता पाठ करतात. ऋणको पैसे देतो आणि काही बोलत नाही. त्याच्या वतीने कोणी बोलायचे, एवढाच यातला वाद आहे. निरनिराळ्या कायद्यांनी त्याला दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, की कोणत्या कायद्याने कोणावर भरवसा टाकला ते स्पष्ट दिसते.

आपल्याला माहीत असलेले जुने आणि सविस्तर उत्तर रोमन कायद्याचे आहे. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात जुन्या कायदेपंडितांच्या ग्रंथांतले उतारे एकत्र करवून ‘डायजेस्ट’ तयार करवला. त्याच्या सेहेचाळिसाव्या पुस्तकात फेडीचे प्रकरण आहे आणि त्याच्या आरंभीच उल्पियनचे मत दिले आहे. पहिला शब्द देणाऱ्याचा: आपण कोणते देणे फेडतो आहोत ते त्याने सांगावे. तो काही बोलला नाही तर घेणाऱ्याने ठरवावे. इथपर्यंत आपल्या कायद्यासारखेच. पण उल्पियन घेणाऱ्यावर दोन बंधने घालतो. एक, जे ठरवायचे ते तिथल्या तिथे, पैसे हातात घेतानाच ठरवायचे, म्हणजे देणाऱ्याला ते पटले नाही तर पैसे परत घेता येतील. दुसरे बंधन त्याहून मोठे आहे: घेणाऱ्याने असा विचार करायचा की मी स्वतः ऋणको असतो तर कोणते देणे आधी फेडले असते, आणि त्याच देण्याला ती रक्कम जमा करायची. दोघेही गप्प राहिले तर जे देणे ऋणकोला जास्त जाचक ते आधी. ज्यामुळे बेअब्रू होते ते, ज्यावर दंड चढतो ते, ज्यापोटी वस्तू गहाण आहे ते. सगळी सारखीच जाचक असतील तर जुने आधी. जुनेपणातही फरक नसेल तर प्रत्येकाला थोडेथोडे.

धनकोने ऋणकोच्या जागी बसून विचार करावा, ही अपेक्षा वाचून कोणालाही हसू येईल. रोममधले सावकार काही संत नव्हते. पण कायद्याची अपेक्षा लेखी असली की तिच्यावर बोट ठेवून भांडता येते.

ही शिकवण पुढे युरोपात टिकली. फ्रान्समध्ये पोथिए या न्यायपंडिताने १७६१ च्या आपल्या करारविषयक ग्रंथात ती नीट मांडली आणि १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेत ती चार कलमे होऊन बसली. पहिला हक्क ऋणकोचा. मात्र व्याज थकले असताना, धनकोची संमती नसेल तर, मुद्दलात भरणा धरता येणार नाही. धनकोने पावतीवर एखादे देणे लिहिले आणि ऋणकोने ती पावती घेतली, तर फसवणूक किंवा गाफील गाठल्याचा प्रकार नसेल तोवर ते पक्के. पावतीत काहीच लिहिलेले नसेल, तर मुदत भरलेल्या देण्यांपैकी जे फेडण्यात ऋणकोचे हित सर्वांत जास्त, ते फिटले असे समजायचे. इथे पावती हा शब्द पाहण्यासारखा आहे. धनकोची निवड फ्रान्समध्ये कागदावर आणि ऋणकोच्या हातात दिसावी लागे. घरी जाऊन, दिवा लावून, वहीत केलेली निवड चालत नसे.

ही संहिता आपल्या देशात पाँडिचेरीला लागू होती. दुसरीकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात आली. तिनेही ऋणको गप्प असेल तर आधी जास्त जाचक देणे, मग जुने, हाच क्रम ठेवला होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वेंगुर्ल्याच्या माणसाने आणि पेडण्याच्या माणसाने आपापल्या सावकाराला एकाच दिवशी, एक शब्दही न बोलता, सारखेच पैसे दिले असते, तरी पेडणेकराची गहाण जमीन मोकळी होण्याची शक्यता होती आणि वेंगुर्लेकराची सावकाराच्या मर्जीवर होती. दोन्ही गावांत भाषा एक, मासळी एक, कदाचित सोयरिकीही. मधे एका साम्राज्याची हद्द तेवढी होती.

वेंगुर्ल्याचा कायदा कुठून आला ते पाहायला लंडनला जावे लागते, आणि तिथे गाठ पडते ती ईस्ट इंडिया कंपनीच्याच एका अध्यक्षाशी. विल्यम डेव्हेन्स हा कंपनीचा संचालक होता आणि एकाहून अधिक वेळा तिचा अध्यक्षही झाला. शिवाय तो एका खाजगी बँकेत भागीदार होता. १८०९ च्या नोव्हेंबरात तो वारला. उरलेल्या भागीदारांनी पेढी त्याच नावाने चालू ठेवली आणि १८१० मध्ये तिचे दिवाळे निघाले. भागीदारांकडे काही उरले नव्हते. डेव्हेन्सच्या मागे मात्र मालमत्ता होती. तेव्हा ठेवीदार तिच्यावर धावले. त्यांतला एक क्लेटन.

डेव्हेन्स वारला त्या दिवशी क्लेटनचे सतराशेहून काही अधिक पौंड बँकेकडे होते. त्यानंतर त्याने खात्यातून त्याहून जास्त रक्कम काढली होती आणि नवे पैसे भरलेही होते. बँक बुडाली तेव्हा त्याचे येणे बाकी होतेच. त्याचे म्हणणे असे की, मी नंतर जे काढले ते नंतर भरलेल्या पैशांतले समजा. डेव्हेन्स जिवंत असतानाची जुनी रक्कम अजून येणेच आहे आणि ती त्याच्या मालमत्तेतून मिळावी. इथे ऋणको म्हणजे बँक आणि धनको म्हणजे खातेदार, हे ध्यानात ठेवले पाहिजे; नाहीतर सगळे उलटे वाटते.

१८१६ मध्ये मास्टर ऑफ द रोल्स सर विल्यम ग्रँट यांनी निकाल दिला. रोमन नियम त्यांना चांगला ठाऊक होता आणि त्यांनी त्याची चर्चाही केली. रोममध्ये अंदाज बांधायचा तो ऋणकोच्या हिताचा. इंग्लंडमधल्या कित्येक निवाड्यांनी मात्र धनकोला मोकळीक दिली होती. चालू खात्याला यांतले काहीच नीट लागू पडत नाही, असे ग्रँट यांचे म्हणणे. चालू खाते म्हणजे एकच सलग रकमेचा ओघ. त्यात जे आधी आले ते आधी गेले, असेच धरले पाहिजे. म्हणून डेव्हेन्सच्या काळातले सतराशे पौंड क्लेटनने केव्हाच काढून घेतले होते आणि कंपनीच्या माजी अध्यक्षाची मालमत्ता वाचली. ‘क्लेटनचा नियम’ म्हणून हा निकाल आजही दोनशे वर्षांनंतर न्यायालयांत घेतला जातो. हरलेल्या माणसाचे नाव नियमाला लागण्याची ही काही एकच वेळ नसेल, पण मला ती नेहमी खटकते.

चालू खात्याखेरीज इतर देण्यांत इंग्लंडने धनकोची बाजू घेतली आणि ती हळूहळू घट्टच होत गेली. १८९७ मध्ये ‘मक्का’ नावाच्या जहाजाच्या एका खटल्यात उमरावांच्या सभागृहाने सांगितले की, ऋणको बोलला नसेल तर धनकोला अगदी शेवटच्या क्षणापर्यंत निवड करता येते. त्याने ती ऋणकोला कळवली नाही तोवर बदलताही येते. उल्पियन म्हणत होता: तिथल्या तिथे. लंडन म्हणत होते: सवडीने. वहीतली नोंद बदलायला शाई लागते तेवढीच, आणि कळवण्याचे बंधन नाही म्हटल्यावर ऋणकोला आपले पैसे कुठे गेले ते दावा दाखल झाल्यावरच समजणार.

भारतासाठी करार कायद्याचा पहिला मसुदा लंडनमध्येच तयार झाला. त्यासाठी नेमलेल्या विधी आयोगाचे अध्यक्ष जॉन रोमिली हे तेव्हा ग्रँट यांच्याच जुन्या पदावर, मास्टर ऑफ द रोल्सच्या पदावर होते. १८६६ मध्ये मसुदा आला, त्यावर काही वर्षे वाद झाले, आणि फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य असताना १८७२ मध्ये तो संमत झाला. १ सप्टेंबर १८७२ पासून कायदा अमलात आला. आपल्या विषयाची तीन कलमे त्यात आहेत आणि ती इतकी आटोपशीर आहेत की आजवर जवळपास जशीच्या तशी उभी आहेत.

कलम ५९: ऋणकोने सांगितले, किंवा परिस्थितीवरून कळले, की हा भरणा अमुक देण्याचा आहे, तर धनकोने तो स्वीकारल्यावर त्याच देण्याला जमा केला पाहिजे. कलम ६०: ऋणकोने सांगितले नाही आणि परिस्थितीही काही सांगत नसेल, तर धनकोने आपल्या मर्जीने कोणत्याही कायदेशीर, मुदत भरलेल्या देण्याला तो जमा करावा, त्या देण्याची वसुली दाव्याच्या मुदतीच्या कायद्याने बाद झालेली असली तरी चालेल. कलम ६१: दोघांनीही काही ठरवले नसेल, तर जुन्यापासून क्रमाने. त्यातही देणे मुदतबाह्य असले तरी हरकत नाही. एकाच दर्जाची देणी असतील तर प्रमाणात वाटून.

शेवटच्या दोन कलमांतली मुदतबाह्य देण्याची गोष्ट वाचताना थांबायला हवे. एक हिशोब करून पाहू. एका शेतकऱ्याची एकाच सावकाराकडे शंभर-शंभर रुपयांची तीन खाती आहेत. पहिले जुने, ज्यावर आता दावा लागत नाही. दुसरे बिनतारणी, दरसाल शेकडा बारा व्याजाचे. तिसरे जमीन गहाण ठेवून, शेकडा चोवीस व्याजाचे. त्याने शंभर रुपये आणून दिले आणि रामराम करून गेला. पॅरिसमध्ये किंवा पणजीत तिसरे खाते फिटले, जमीन सुटली, पुढच्या वर्षी व्याज बारा रुपये, आणि पहिले देणे कोर्टात चालणारे नाही. कलम ६० खाली सावकार ते शंभर पहिल्या खात्याला लिहितो. म्हणजे कोर्टातून ज्याचा एक पैसा मिळाला नसता ते कर्ज पुरते वसूल होते, जमीन गहाणच राहते आणि पुढच्या वर्षीचे व्याज छत्तीस. सावकाराने आळस केला आणि काहीच लिहिले नाही, तरी कलम ६१ त्याच्यासाठी तेच लिहून ठेवते, कारण सर्वांत जुने देणे तेच. शेतकरी तोंडातून एवढेच म्हणाला असता की हे गहाणाचे आहेत, तर सगळे वेगळे झाले असते.

हे त्याने म्हणावे, अशी कायद्याची अपेक्षा होती. तो म्हणालाही असेल. पण म्हटल्याचा पुरावा कुठे? देवघेवीची वही सावकाराची, मोडीतले अक्षर सावकाराचे, रोख्याच्या पाठीवर वसूल लिहिणारा हात सावकाराचा. ऋणकोला पहिला शब्द देणारे कलम ५९ हे लिहिता येणाऱ्या माणसांसाठी होते. त्यातल्या उदाहरणातले ‘अ’ आणि ‘ब’ एकमेकांना पत्रे लिहितात.

कायदा अमलात येऊन तीन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पसरले. या दंग्यांची कारणे पुष्कळ होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच पडला, सरकारने सारा वाढवला, पत आटली. ती सगळी कलम ६० च्या माथी मारणे वेडेपणाचे होईल. पण दंगेखोरांना काय हवे होते ते पाहा. त्यांना रोखे हवे होते. सावकाराने कागद काढून दिले तिथे बहुधा अंगाला हात लागला नाही; कागद मात्र जाळले गेले. भांडण माणसांपेक्षा लिहिलेल्या शब्दाशी होते.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे आलेल्या तक्रारींत दोन सारख्या येत राहतात: पैसे दिले त्याची पावती मिळत नाही, आणि दिलेले जमा झालेच नाही किंवा भलतीकडे झाले. तिसरी गोष्ट सरकारनेच घडवलेली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न केलेल्या रोख्यावर दावा लावायला तीन वर्षे दिली. हेतू चांगला, की जुन्या कर्जाचे भूत मानगुटीवर बसू नये. परिणाम असा झाला की तीन वर्षे भरण्याआधी सावकार कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला. जुने मुद्दल, त्यावरचे व्याज, मधली उधारी, सगळे एकत्र करून नवे मुद्दल. म्हणजे कोणत्या देण्याला कोणता भरणा, हा प्रश्नच संपला. देणे एकच उरले, आणि मधे दिलेले पैसे नव्या रोख्यात दिसेनासे झाले. कलम ५९ अनेक देण्यांना लागते. देणे एकच असेल तर ते मुके होते.

यावरचा उपाय १८७९ च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने शोधला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. त्याने करार कायद्याची तीन कलमे बदलली नाहीत. त्याने न्यायाधीशाच्या हातात लेखणी दिली. रोख्यावर सही आहे एवढ्यावर निकाल देऊ नका, व्यवहाराच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे जा, असे कलम १२ सांगत होते. कलम १३ मध्ये हिशोब कसा मांडायचा ते सांगितले होते: मुद्दलाचे खाते वेगळे आणि व्याजाचे वेगळे. चढलेले व्याज मुद्दलात टाकायचे नाही. कुळाने दिलेला पैसा, सावकाराने घेतलेले पिकाचे उत्पन्न, करून घेतलेली चाकरी, या सगळ्याची किंमत धरून ती आधी व्याजाच्या खात्याला जमा करायची आणि उरेल ते मुद्दलाला. शेवटी व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीपेक्षा जास्त निघाली, तर मुद्दलाच्या बाकीची दुप्पट एवढेच देणे धरायचे.

चाकरीचीही किंमत! सावकाराच्या खळ्यावर फुकट राबलेला दिवस हासुद्धा भरणा आहे आणि तो कुठे तरी जमा झाला पाहिजे, हे कायद्याच्या भाषेत लिहिलेले वाचून मला फार बरे वाटते. मात्र त्याच वाक्यात तो दिवस आधी व्याजाला जमा करायला सांगितला आहे, हेही विसरता येत नाही.

शेवटची अट आपल्या ओळखीची आहे. दामदुप्पट. एका वेळी मागायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावे, हा धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पाळत आली होती. पण दामदुप्पट आणि ‘व्याज आधी’ या दोन नियमांचा संसार नीट पाहिला पाहिजे. शंभर रुपयांवर शेकडा चोवीसने दरसाल चोवीस रुपये व्याज. कुळ दहा वर्षे दरसाल चोवीस रुपये बिनचूक देत गेले, तर त्याने दोनशे चाळीस रुपये दिले आणि शंभर अजून देणे आहेत. दामदुपटीचा नियम मोडला का? मुळीच नाही. तो पाहतो थकलेले व्याज, दिलेले व्याज पाहत नाही. ज्याने काहीच दिले नाही त्याला दामदुप्पट वाचवते. जो प्रामाणिकपणे देत गेला त्याला ती भेटत नाही. दरसालचा भरणा मुद्दलात धरला असता तर मुद्दल घटत गेले असते आणि दुपटीची मर्यादाही त्याबरोबर खाली आली असती. भरणा आधी कुठे लिहायचा हा हिशोबनीसाचा किरकोळ प्रश्न नव्हे, तो असा.

जुन्या स्मृतिकारांनी याचा विचार वेगळ्या बाजूने केला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत ऋणादानाचा भाग आहे. तिथे अनेक धनको असतील तर कोणाला आधी, याचा क्रम दिला आहे. भरण्याचे काय करायचे हेही आहे, आणि ते व्यवहारी आहे. ऋणकोने जेव्हा जेव्हा पैसे दिले तेव्हा ते रोख्याच्या पाठीवर लिहावे, किंवा धनकोने आपल्या हातची खूण असलेली पावती द्यावी. पूर्ण फिटल्यावर रोखा फाडून टाकावा. रोख्याच्या पाठीवर ऋणकोने लिहावे, असे स्मृती म्हणते. सुप्याला तीच पाठ सावकाराच्या ताब्यात होती.

१८७९ च्या कायद्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणूनच हिशोबाचा नाही, पावतीचा आहे. कलम ६४: शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्याने त्याच वेळी लेखी पावती पुढे केली पाहिजे, शेतकऱ्याने मागितली असो वा नसो. पुढच्या कलमांत वर्षाचा हिशोब देण्याची आणि शेतकऱ्याजवळ पासबुक ठेवण्याची तरतूद होती, आणि हे न केल्यास दंड. ‘मागितली असो वा नसो’ हे शब्द लिहिणाऱ्याला खेड्यातला माणूस ठाऊक होता. ज्याला उद्या बियाण्यासाठी त्याच दारात जायचे आहे तो पावती मागत नाही. फ्रेंच संहिता ज्या पावतीवर सगळी इमारत उभारत होती, ती पावती इथे पहिल्यांदा जन्माला घालावी लागली.

याच काळातला एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८७७ च्या मुदतीच्या कायद्यानुसार, मुदतीच्या आत कर्जाचे व्याज ‘व्याज म्हणून’ दिले की दाव्याची मुदत नव्याने सुरू होई. मुद्दलापैकी काही दिले तरी ती सुरू होई, पण त्यासाठी तो भरणा देणाऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिलेला असावा लागे. निरक्षर ऋणकोला हे कवच होते. त्याच्या हस्ताक्षराशिवाय मुद्दलाच्या भरण्याने कर्जाचे आयुष्य वाढत नसे. व्याजाच्या भरण्याला मात्र ती अट नव्हती. तेव्हा सावकाराने तोच रुपया व्याजाकडे लिहिण्याला आणखी एक कारण मिळाले.

विसाव्या शतकात प्रश्न गावाच्या ओट्यावरून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२१ मध्ये आंध्रातल्या जमीनदार घराण्याच्या, वेंकटाद्री आप्पाराव आणि पार्थसारथी आप्पाराव यांच्यातल्या खटल्यात लॉर्ड बकमास्टर यांनी सांगितले की, मुद्दल आणि व्याज दोन्ही येणे असेल आणि भरणा कशाचा ते ठरलेले नसेल, तर तो आधी व्याजाला आणि मग मुद्दलाला. मुद्दल आणि त्याचे व्याज ही दोन स्वतंत्र देणी नाहीत, म्हणून कलमे ५९ ते ६१ तिथे थेट लागत नाहीत, अशी मांडणी त्यानंतरच्या निवाड्यांत रुळत गेली. ऋणकोला पहिला शब्द देणारे कलम, रोजच्या आयुष्यात सर्वांत जास्त वेळा पडणाऱ्या प्रश्नाला, व्याज की मुद्दल या प्रश्नाला, अशा रीतीने पुरेनासे झाले.

इतर देशांनीही व्याजाला आधीचा पाट दिला आहेच. १९०० पासून अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेचा क्रम खर्च, व्याज, मुद्दल असाच आहे. मात्र अनेक देण्यांत निवड करताना जर्मनीने धनकोची मर्जी साफ काढून टाकली. ऋणकोने सांगितले नाही तर कायदाच क्रम लावतो: मुदत भरलेले आधी, मग धनकोला ज्याची हमी कमी ते, मग ऋणकोला जाचक ते, मग जुने. यात धनकोचे हित ऋणकोच्या जाचाच्या एक पायरी वर आहे, म्हणजे गहाण सुटायला उशीरच. पण कोणी घरी जाऊन काही लिहीत नाही. दोघांनाही आधीपासून माहीत असते.

आपल्याकडे उलटी बाजूही एकदा मोठ्या प्रमाणावर पुढे आली, जिथे ऋणको सरकार होते आणि धनको शेतकरी. संपादित जमिनीची भरपाई टप्प्याटप्प्याने वाढते: आधी अधिकारी ठरवतो, मग दिवाणी न्यायालय वाढवते, मग उच्च न्यायालय. दर टप्प्याला सरकार काही रक्कम भरते. शेवटी वाढ मिळाल्यावर जमीनमालक म्हणत की, तुम्ही पूर्वी भरलेले पैसे आता एकूण वाढीव रकमेवरच्या व्याजाला वळते करा, म्हणजे मुद्दल उरेल आणि त्यावर पुढे व्याज चालू राहील. गुरप्रीत सिंग खटल्यात १९ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याला नकार दिला. ज्या टप्प्याची जी रक्कम फिटली ती फिटली. नंतरच्या वाढीच्या नावाने तो हिशोब उकरता येणार नाही. निकाल तर्काला धरून आहे. तरी तो वाचताना मनात येते की, सावकाराच्या वहीत शंभर वर्षे चाललेली युक्ती शेतकऱ्याने उचलली, तेव्हा वही बंद झाली होती.

आज कर्जाचा हप्ता फोनवरून जातो. पैसे पाठवताना खाली शेरा लिहायला एक छोटा रकाना असतो. बहुतेक जण तो रिकामा सोडतात किंवा तिथे नमस्काराचे चित्र टाकतात. कलम ५९ ला लागणारी सूचना त्या रकान्यात मावते. पण कर्जाच्या छापील करारात, बारीक अक्षरांत, बहुधा एक परिच्छेद असतो: आलेला पैसा आधी शुल्क आणि खर्च, मग व्याज, मग मुद्दल या क्रमाने, किंवा बँकेला योग्य वाटेल त्या क्रमाने जमा केला जाईल. त्याच्या खाली ऋणकोची सही असते, कर्ज घेतानाची.